बारा किल्ल्या

३ जानेवारी

ताई,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी तोंड उघडलं की तुझी मीटिंग सुरू होते. म्हणून हे पत्र. पत्राला मध्येच "बरं, ठेवते" म्हणता येत नाही.

काम आपल्या चिमीचं आहे. तुमच्या विद्यापीठात मुलींसाठी तीन दिवसांचं नेतृत्व शिबिर होणार आहे आणि ते सगळं तुझ्याच गळ्यात पडलंय, असं तिनं सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, मी पाच प्रश्न विचारले तेव्हा एक वाक्य मिळालं. तिला त्यात घे. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष आहे, मार्क चांगले आहेत, पण उद्या मुलाखतीला गेली तर समोरच्याला काय कळणार आहे? हिचे बाबा गेल्यापासून तर अगदीच घुमी झाली. मी दिवसभर बसमध्ये "पुढे सरका, पुढे सरका" म्हणून घसा बसवून घेते, आणि माझ्या पोटची पोर दुकानदारानं चुकीची वही दिली तरी तीच घेऊन घरी येते.

आणखी एक. गेल्या सहा महिन्यांत तिला दोनदा ताप येऊन गेला. लघवीला जळजळ होते म्हणाली. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलंय. तिथल्या मेसच्या पाण्याचं काही आहे का, बघशील? आम्ही डेपोतल्या बायका सकाळी अर्धा पेला पाणी पिऊन निघतो ते थेट ड्यूटी संपल्यावर. बस थांबते तिथं बायकांना जायची सोय नसतेच. अठरा वर्षं निभावलं की नाही? या पोरी जरा नाजूकच.

तू तिची मावशी आहेस हे तिथं कुणाला सांगू नकोस, वशिला वाटेल. पण लक्ष असू दे.

तुझी छोटी


११ जानेवारी

छोटे,

चिमीचं नाव घातलं. चाळीस मुलींत तिचा क्रमांक सत्तावीस. नातं सांगितलेलं नाही. सभागृहात तिनं मला मॅडम म्हणायचं, तिला बजावून ठेव.

शिबिराची मजा ऐक. आयोजन समितीत आम्ही सात जण. त्यात बाई मी एकटी. चहा कुणी सांगायचा हा प्रश्न आला की सहाच्या सहा माना माझ्याकडे वळतात. पहिल्या बैठकीतला सगळा वेळ बॅनरच्या रंगात गेला. गुलाबीच हवा म्हणे, मुलींचं आहे ना! मी एक सत्र ठेवलं होतं, तक्रार कुठं करायची, कशी करायची, नियम काय सांगतात. ते काढलं आणि त्या जागी "आकर्षक व्यक्तिमत्त्व आणि पेहराव" घातलं. "मॅडम, मुलींना भडकवायचं नाही, घडवायचंय," असं मला समजावण्यात आलं. प्रमुख पाहुणे म्हणून चिमीचेच विभागप्रमुख येणार आहेत. विषय, "स्त्री ही जन्मजात नेता". त्यांच्या विभागात आजवर एकही बाई प्राध्यापक टिकलेली नाही, पण या विषयावर बोलावं तर त्यांनीच.

तू म्हणशील, ताई, तू गप्प का बसलीस? तर ऐक. महिला नेतृत्व केंद्र सुरू होतंय आणि त्याला संचालक हवाय. निवड समितीचे अध्यक्ष हेच विभागप्रमुख. छोटे, सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांची भाषणं लिहून दिली, दुसऱ्यांच्या खुर्च्या मांडल्या. आता एक खोली असावी आणि तिच्या दारावर माझ्या पदाची पाटी असावी, असं वाटतं. यात वाईट काय आहे ते तूच सांग.

मेसचं पाणी तपासून घेतलं. चांगलं आहे. पोरी अभ्यासाच्या नादात पाणी पीत नाहीत, दुसरं काही नाही.

तुझी ताई


४ फेब्रुवारी

छोटे,

"कसं झालं ते सविस्तर लिही," असा तुझा निरोप मिळाला. घे तर मग.

दणक्यात झालं. कुलगुरू पंधरा मिनिटं बसले, एरवी पाचही बसत नाहीत. सगळ्यांत गाजला तो मी घेतलेला स्वाध्याय. प्रत्येकीला एक कागद दिला. त्यावर दोनच ओळी लिहायच्या. आपल्या आसपासची कोणती एक गोष्ट मला बदलायची आहे, आणि त्यासाठी तीस दिवसांत मी स्वतः काय करीन. नाव लिहू नका, निर्धास्त लिहा, असं मी माइकवरून तीनदा सांगितलं. पोरींनी भरभरून लिहिलं. अर्थात कुणी कागद दिला नि कुणी नुसतीच पेंगली हे प्रमाणपत्राच्या वेळी कळायला हवं, म्हणून मी आधीच प्रत्येक कागदाच्या मागे कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक हजेरी क्रमांक घालून ठेवला होता. माझं काम कसं चोख असतं, तुला माहीत आहे. आता तो गठ्ठा अहवालाला जोडायचाय.

आणि तुझी लेक! प्रश्नोत्तरांत चक्क उभी राहिली. माइक हातात घेऊन थेट प्रमुख पाहुण्यांनाच प्रश्न. विभागातल्या गैरसोयीबद्दल होता, छोटासाच. सर हसले. म्हणाले, "बघा, नेतृत्वाला सुरुवात झाली!" सभागृहात हशा पिकला. मग वेळ होत आली होती म्हणून मी आभार उरकून घेतले.

तर अशी तुझी घुमी बोलायला लागली. आता मिरव.

तुझी ताई


१० फेब्रुवारी

ताई,

मिरवलं! डेपोत सगळ्यांना चहा पाजला. आमचा ड्रायव्हर म्हणाला, "बाई, लेक माइकवर बोलली म्हणून चहा, मग ती मंत्री झाली तर काय गाडीच वाटणार का?" म्हटलं, वाटीन.

पण प्रश्न काय विचारला, ते तू लिहिलंच नाहीस. फोनवर तिला विचारलं तर म्हणाली, "काही नाही, एका किल्लीचं विचारलं." कसली किल्ली ग? तिचं बोलणं म्हणजे तारेतला मजकूर. पण आवाज वेगळा होता तिचा, मोकळा. मी न विचारता म्हणाली, "आई, आता मी पाणी पिते. हवं तेवढं पिते." मला हसू आलं. लहान मुलासारखं सांगत होती.

तुझे उपकार मानायचे नसतात, पण मानते.

छोटी


५ मार्च

छोटे,

किल्लीचं विशेष काही नाही, त्यांच्या विभागातली बाब आहे.

चिमीला मी काही दिवस घरी पाठवतेय. मागे दोनदा ताप येऊन गेलाय, प्रयोगशाळेत दिवसभर उभं राहायचं म्हणजे त्रासच. हे सत्र तिनं विश्रांती घ्यावी असं ठरलं. विद्यापीठाच्या बाजूची सगळी व्यवस्था मी पाहिली आहे, तुला कुठं अर्जबिर्ज करावा लागणार नाही. तिला खोदून खोदून विचारत बसू नकोस. पोरींना या वयात थोडं एकटं सोडावं.

मी फार गडबडीत आहे. केंद्राच्या मुलाखती याच महिन्यात आहेत.

ताई


१२ मार्च

ताई,

चिमी आली. मी थांब्यावर घ्यायला गेले होते. गादी, टेबललॅम्प, पुस्तकांची दोन खोकी आणि बादली. विश्रांतीला येताना कुणी बादली घेऊन येतं का?

ताप नाही. जेवते. स्वयंपाकघर घासून लख्ख केलंय, कपाटं लावून झाली. पण तुझं नाव काढलं की उठून जाते. काल मला राहवलं नाही. म्हटलं, मावशीनं तुझ्यासाठी एवढं केलं, तिची काही किंमत आहे की नाही? ती म्हणाली, "आहे ना, चांगलीच कळली." त्या सुरावर माझा तोल गेला आणि मी हात उगारला. बावीस वर्षांच्या पोरीवर, ताई. ती हललीसुद्धा नाही. मग मीच मोरीत जाऊन रडले.

काहीतरी झालंय. मुलाचं काही प्रकरण आहे का? असलं तरी सांग, मी आकांत करणार नाही. ती मला सांगत नाही. तू खरं सांगशील म्हणून तुला विचारते.

छोटी


२० मार्च

मावशी,

आईच्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. कामावरून आली की ती आधी टपाल बघते. म्हणून मी लिहिते.

आईला मी काहीच सांगितलेलं नाही. तू सांगशील म्हणून थांबले होते. तुला सगळं ठाऊक आहे, तरी एकदा ओळीनं लिहून काढते, म्हणजे उद्या "मला नीट कल्पना नव्हती" असं म्हणायला जागा राहणार नाही.

आमच्या इमारतीत मुलींचं एकच स्वच्छतागृह आहे, दुसऱ्या मजल्यावर. त्याला कुलूप असतं. मुलांच्या स्वच्छतागृहाला नसतं. किल्ली विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये, त्यांच्या खुर्चीमागच्या खिळ्यावर. आत जायचं, किल्ली मागायची, वहीत नाव आणि वेळ लिहायची, परत आणून दिल्याची वेळ लिहायची. नळ चोरीला जातात म्हणे. सर ती वही वाचतात. चार लोक बसलेले असताना म्हणतात, "आज दुसऱ्यांदा? बरं आहे ना?" वर्गात आम्ही बारा मुली. हळूहळू बाराही जणींनी दिवसा पाणी प्यायचं सोडलं.

सभागृहात मी एवढंच विचारलं होतं की सर, ती किल्ली तुमच्याकडे का असते. लोक हसले. तू आभार मानायला उठलीस.

मग मी कागदावर लिहिलं होतं तेच केलं. दुपारी किल्ली घेतली, फाटकासमोरच्या किल्लीवाल्याकडून बारा करून आणल्या, बारा जणींना वाटल्या. तीन आठवडे आम्ही पाणी प्यायलो, मावशी. मग एकीच्या हातात सरांना किल्ली दिसली. त्यांनी एकेकीला वेगळं बोलावलं. प्रात्यक्षिकाचे मार्क अडवीन म्हणाले. अकरा जणींपैकी एकीनंही माझं नाव घेतलं नाही. रडल्या, पण नाव घेतलं नाही. नाव तुझ्या गठ्ठ्यानं घेतलं. सरांनी माझा कागद काढला, उलटा केला, कोपऱ्यात सत्तावीस. मग हजेरीपट उघडला.

चौकशीला तू तिसऱ्या खुर्चीवर होतीस. विद्यापीठाच्या मालमत्तेशी छेडछाड. हे सत्र आणि पुढचं सत्र निलंबन, वसतिगृह बंद. त्यावर तीन सह्या आहेत. तिसरी तुझी आहे.

मला एकच विचारायचंय. तो गठ्ठा देताना मागचे आकडे खोडायला किती वेळ लागला असता? पेन्सिलीचेच तर होते.

चिमी


२८ मार्च

चिमी बाळा,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस जेवले नाही. तू माझ्याबद्दल असा विचार करशील असं वाटलं नव्हतं.

गठ्ठा अहवालासाठी मागितला होता. आकड्यांचं माझ्या लक्षातच आलं नाही. नाही, खोटं कशाला बोलू? आलं. केबिनच्या दाराशी आल्यावर आलं. पण सर समोर हात पुढे करून उभे होते. तिथं मी काय खोडरबर काढून बसणार होते? आणि त्यांनी कागद उलटून बघितले नसते तर काहीच झालं नसतं.

समितीत एक बाई लागते, म्हणून मला घेतलं. मी नसते तर तुला कायमचं काढलं असतं, हे लक्षात घे. दोन सत्रांवर आणलं ते मी. उठून "ही माझी भाची आहे" म्हटलं असतं तर मला बाहेर जावं लागलं असतं, आणि मग तुझ्या बाजूचं तिथं कोण उरलं असतं? आणि त्या किल्लीचं मला खरोखर ठाऊक नव्हतं ग. आमचं कार्यालय दुसऱ्या इमारतीत. मी ते पहिल्यांदा त्या दिवशी सभागृहात ऐकलं. तुम्ही आधी माझ्याकडे आला असतात तर मी सरांशी गोडीगुलाबीनं बोलून काहीतरी मार्ग काढला असता. नेतृत्व म्हणजे पुढे होणं एवढंच नसतं, कुठं थांबायचं तेही कळावं लागतं. ते शिकवायचं राहून गेलं, हा दोष माझा.

सोबत माफीनाम्याचा मजकूर लिहून पाठवते. तुझ्या अक्षरात उतरव, सही कर, मला पाठव. सर मोठ्या मनाचे आहेत, जुलैत तुला परत घेतील. वर्ष वाचेल. आणि छोटीला यातलं काही कळू देऊ नकोस. ती जिवाला लावून घेईल.

तुझी मावशी


१४ एप्रिल

ताई,

चिमीनं तिच्या पत्राची नक्कल, तुझं उत्तर आणि तो माफीनामा तिन्ही माझ्या पुढ्यात ठेवले आणि भाजी निवडत बसली.

मी लगेच लिहिलं नाही. आधी साप्ताहिक सुट्टीला तुझ्या विद्यापीठात येऊन गेले. तुला भेटायला नव्हे. त्या इमारतीत गेले, दुसरा मजला चढले. साहेब जेवायला गेले होते. शिपायाला म्हटलं, बाबा, लांबून आलेय, जरा जायचंय. त्यानं वही पुढे सरकवली. "सही करा, बाई. सगळ्यांनाच करावी लागते." चांगला माणूस होता, त्याची त्यालाच लाज वाटत होती.

ताई, मी अठरा वर्षं तिकिटांचे हिशेब जुळवते. वेळ आणि आकडे दिसले की माझं बोट आपोआप खाली खाली जातं. शिपाई फोनवर बोलत होता तेवढ्यात मी पानं उलटली. जुलैत चिमीचं नाव रोज तीनदा. ऑगस्टमध्ये दोनदा. सुट्ट्या नव्हत्या, तरी ऑक्टोबरमध्ये दिवसाआड एकदा. डिसेंबरमध्ये अख्ख्या महिन्यात चारदा. तिला ताप आला त्या तारखा मला पाठ आहेत. आणि मी तुला लिहिलं होतं की पोरी नाजूक. ती सांगत होती जळजळ होते, आणि मी तिला माझ्या अठरा वर्षांचं कौतुक ऐकवत होते. ते माझ्याकडे लागलं. ते मी कुणावर ढकलणार नाही.

पण मग तुझी सही दिसली. सप्टेंबरात एक. नोव्हेंबरात दोन. जानेवारीत शिबिराच्या बैठकांना आलीस त्या प्रत्येक दिवशी. नाव, हुद्दा, वेळ, तुझ्या त्या सुबक अक्षरात. तू चिमीला लिहिलंस की सभागृहात पहिल्यांदा ऐकलं. तू स्वतः त्या खुर्चीपुढे उभी राहून किल्ली मागत होतीस, ताई. पन्नाशीची बाई, सव्वीस वर्षांची नोकरी, आणि तू वहीत वेळ लिहून जात होतीस, आणि बाहेर येऊन गुलाबी बॅनर लावत होतीस.

चौकशीच्या दिवशीचीही आहे. दोन चाळीसला किल्ली घेतलीस, दोन शेहेचाळीसला परत केलीस. चिमीला आलेल्या नोटिशीत चौकशीची वेळ तीन लिहिली आहे.

तुला पद हवं होतं, मला कळतं. मला सांगितलं असतंस तर मी म्हटलं असतं, घे, मिळव, माझ्या पोरीचं एक वर्ष गेलं तरी चालेल, ताईनं खूप सोसलंय. मी म्हटलं असतं ग. पण तू मला विश्रांती म्हणून कळवलंस, आणि मी तुझ्यासाठी माझ्या पोरीवर हात उगारला. हे मला गिळता येत नाही.

माफीनामा ती लिहिणार नाही. मी लिही म्हणाले होते, हेही सांगते. पाया पडते म्हणाले. ती म्हणाली, "आई, त्यात 'माझी चूक मला समजली आहे' असं वाक्य आहे. मला नाही समजली." तिनं दुसरीकडे अर्ज केलाय. तिथं पुन्हा पहिल्या वर्षापासून बसावं लागणार. दोन वर्षं गेली.

छोटी


२२ जून

छोटे,

मधल्या काळात तुला तीन पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. तुझा राग मी समजू शकते. मोठी बहीण म्हणून अजून थोडं समजून घ्यायची माझी तयारी आहे.

कळवायचं म्हणजे माझी नियुक्ती झाली. खोली मिळाली, पाटी लागली. आणि खुर्चीवर बसल्यावर पहिलं काम कोणतं केलं असेल? ती किल्ली सरांच्या केबिनमधून काढून घेतली. आता ती आमच्या केंद्रात असते, माझ्या टेबलामागे. इथं सगळ्या बायकाच, त्यामुळे मुलींना संकोच नाही. वही ठेवावी लागते, सुरक्षेचा प्रश्न असतो. पण वेळेचा रकाना मी काढून टाकला. भांडून काढला, छोटे. आता फक्त नाव आणि वर्ग. चिमीनं सुरू केलेलं मी पूर्ण केलं, असं मला वाटतं. तिला सांग, तिला बरं वाटेल.

सप्टेंबरात दुसरं शिबिर घेतेय. या वेळी साठ मुली. चिमीसारख्या एखादीनं येऊन दोन शब्द बोलावेत असं माझ्या मनात आहे, जुनं न उकरता.

तिला कुठं प्रवेश मिळाला? तिथला पत्ता कळव. तिथल्या विभागात माझ्या ओळखीचे आहेत, शब्द टाकून ठेवते.

तुझी ताई


३ जुलै

ताई,

पत्ता मागितलास म्हणून चिमीला विचारलं. ती नको म्हणाली. कुणाकडे शब्दही टाकू नकोस.

परवा तिला तिथल्या वसतिगृहात सोडून आले. फॉर्मवर जवळच्या नातेवाइकांची नावं लिहायची होती. तिनं लिहिलं, आईशिवाय कुणी नाही. पालक म्हणून खाली मी सही केली.

छोटी